बर्फातल्या दोन डब्या

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी, शिवडीच्या कोळीवाड्यातल्या भिंतींवरून रंग अजून उतरला नव्हता, तेव्हा आकांक्षानं आईपुढं दोन डब्या ठेवल्या. एकीच्या गळ्यात लाल दोरा, दुसरीच्या हिरवा. ओल्या हातानं चिठ्ठीवरची शाई पुसली जाते, दोरा तसाच राहतो, एवढं कोळणीच्या लेकीला कुणी शिकवावं लागत नाही.

लाल दोऱ्यात अकरा नंबरची क्रीम, हिरव्यात चौदा नंबरची. लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या प्रयोगशाळेत आकांक्षा वर्षभर या एकाच क्रीमच्या मागं लागली होती. चेहऱ्यावरचे वांग फिके करणारी, कांती उजळवणारी आणि वर ऊनही अडवणारी क्रीम. उजळवायला नायसिनामाइड, उन्हाला झिंक ऑक्साईड. ही दोघं एका घरात गुण्यागोविंदानं नांदायची. भांडायचे ते तेल आणि पाणी. आज मिठी मारलेली, महिन्याभरानं पाहावं तर वर पाणी, खाली गोळा. क्रीम फुटली की आकांक्षाचा चेहरा असा व्हायचा, की तिची आई मालन न विचारता चहा टाकायची.

ही क्रीम तिनं मनात मालनच्याच चेहऱ्यावर बेतली होती. भोईवाड्याच्या नाक्यावर तीस वर्षं मासळी विकून मालनच्या दोन्ही गालांवर वांग पसरले होते, ओहोटीनंतर वाळूवर ओल राहते तसे. मालनला त्यांचं काही नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच, की उजळ कर पण गोरी करू नको, नायतर गिऱ्हाईक मलाच विचारील मालन कुठं गेली.

तीन नंबरची क्रीम तिनं लावलीही होती. झिंकनं तोंड असं पांढरंफटक झालं, की शेजारच्या पाटावरची ललिता कोलीम, ती बारीक कोळंबी, निवडता निवडता थांबली. परळच्या कारखान्यात गणपतीला पहिला पांढरा हात मारतात तशी तू दिसतेस, रंग कधी भरणार, असं तिनं विचारलं आणि अख्खा बाजार हसला. आकांक्षानं त्यावर उपाय काढला. गेरूत असतो तोच लाल-पिवळा लोहाचा रंग चिमटीनं मिसळला आणि पांढरेपणा गेला. आता नव्या डब्यांचं रोज विचारलं की मालन सांगायची, छान आहे. त्यातल्या त्यात कुठली, म्हटलं की म्हणायची, लाल दोऱ्याची हलकी वाटते गो.

हलकी ती होतीच. प्रयोगशाळेचे प्रमुख हेरंब सर अकरा नंबरवर फिदा होते. चौदा नंबर जरा जड, ग्लिसरीन जास्त, मेणही थोडं वाढवलेलं. ओव्हनच्या उष्णतेत दोन्ही तगल्या होत्या. थंडीत गोठवून पुन्हा वितळवायची चाचणी मात्र राहिली होती, कारण प्रयोगशाळेचा डीप फ्रीझर महिनाभर बंद पडून होता. आणि तीन महिन्यांच्या पक्क्या तपासणीच्या कपाटात एकच खण मोकळा होत होता, शनिवारी सकाळी. त्यात जी जाईल तीच बाजारात जाईल, नाहीतर कंपनी बाहेरून तयार क्रीम घेऊन आपलं नाव छापेल. सरांनी निवड आकांक्षावर सोपवली होती. वर्षभराची मेहनत एका खणात मावायची होती, आणि तिचा कल आईच्या शब्दाकडं झुकत होता.

शुक्रवारी दुपारी ती भोईवाड्याला गेली. आईला शेवटचं विचारायचं आणि अकरा नंबर लिहून टाकायचा, असं ठरवूनच. ऊन मी म्हणत होतं. मालनपुढं गिऱ्हाइकांची रांग, हातात कोयता. तिनं मान न वळवता लेकीला फर्मावलं, की आलीच आहेस तर पेटीच्या तळातला हलवा मासा काढ.

आकांक्षानं थर्माकोलच्या पेटीत कोपरापर्यंत हात घातला. बर्फ, त्यावर जाडं मीठ, मग सुरमईची गार पाठ, आणि मग काहीतरी गोल. वर काढलं तर प्लास्टिकच्या पिशवीत दोन डब्या. एकीला लाल दोरा, एकीला हिरवा.

रांगेतल्या बाईनं हलव्याची आठवण केली तेव्हा आकांक्षानं तो काढून आईपुढं ठेवला.

"आई, तू क्रीम लावतच नाहीस?"

मालनचा कोयता थांबला. ललितानं घाईघाईनं आपल्या कोलीमात डोळे घातले.

"नाय लावली," मालन म्हणाली. "तुझ्या हातची. लावून संपवू कशी? म्हटलं, बर्फात राहील तर नासायची नाय. घरी जाताना नेते, सकाळी परत ठेवते."

"मग हलकी वाटते म्हणालीस ते?"

"डबी हलकी होती गो."

आकांक्षाला रडावं की हसावं कळेना. चाळीस दिवस ती या बाईच्या खोट्या शाबासकीवर आपली क्रीम तोलत होती. रागानं तिनं लाल दोऱ्याची डबी उघडली. वर बोटभर पाणी, खाली नासक्या दुधासारख्या गाठी. मग हिरव्या दोऱ्याची उघडली. आत लोण्यासारखी मऊ क्रीम, जशी शिमग्याला भरली होती तशीच.

तिचा राग तिथंच विरघळला. बर्फात जाडं मीठ पडलं की गारवा शून्याच्याही खाली उतरतो. रोज सकाळी डब्या गोठल्या होत्या, रोज संध्याकाळी घराच्या उकाड्यात वितळल्या होत्या. पाणी गोठलं की त्याचे काटे होतात आणि तेलाचे थेंब फोडतात. अकरा नंबर फुटली. चौदा नंबरला जास्तीच्या ग्लिसरीननं तारलं. प्रयोगशाळेत राहिलेली चाचणी मासळीच्या पेटीत चाळीस वेळा झाली होती.

हेरंब सरांनी दोन्ही डब्या नाकाजवळ नेल्या आणि लगेच लांब धरल्या. अहवालात हे लिहिता येणार नाही, फ्रीझर सुरू झाला की रीतसर चाचणी करावी लागेल, असं ते म्हणाले. पण हसतच म्हणाले, आणि शनिवारी खणात चौदा नंबर गेली. तीन महिन्यांत ती ना उष्णतेत हलली, ना दुरुस्त झालेल्या फ्रीझरमध्ये.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा दर्यात गेल्या. त्या आठवड्यात कारखान्यातून आलेली पहिली डबी आकांक्षानं घरी आणली. या वेळी ती आईच्या हातात दिली नाही. झाकण उघडलं, बोटावर क्रीम घेतली आणि स्वतःच मालनच्या गालांवर लावली, वांगांवरून हळूहळू, लहान लेकराला पावडर लावावी तशी. मालन डोळे मिटून बसून राहिली.

"संपली तर?" तिनं विचारलं.

"मी आहे ना. अजून करीन."

बाजारात ललितानं तिला नीट न्याहाळलं. पांढरेपणाचा मागमूस नाही, मालन मालनसारखीच, फक्त तुकतुकीत. "भरला बाय रंग," ललिता म्हणाली आणि कोलीम निवडू लागली.

पापलेटांवर बर्फ पसरता पसरता मालन स्वतःशीच गुणगुणू लागली, आपल्या आईच्या ओव्यांच्या चालीवर, शब्द मात्र स्वतःचे:

उन्हा रं माझ्या भावा, थांब जरा वेशीवर
लेकीनं घातली गं, सावली ही गालावर