चपला बोळात काढाव्या

रुखमाबाईंनी आपलं लग्नातलं कोसा रेशमाचं लुगडं गुंजनच्या हातात दिलं ते एकाच अटीवर. "माया पोरीच्या, तृप्तीच्या लग्नात तिले हेच नेसवीन मी. रंग गेला तं पाहा मंग!" गुंजनने शब्द दिला. करडीहून मोहाडीला येईपर्यंत लुगड्याची पेटी तिने मांडीवरून खाली ठेवली नाही.

प्रदर्शनांची मांडणी करणं हा तिचा व्यवसाय. पुतळे, पडदे, दिवे, माणसांची जायची-यायची वाट, सगळं तीच ठरवायची. मोहाडीच्या सभागृहात जिल्ह्यातल्या लग्नाच्या कपड्यांचं प्रदर्शन भरत होतं आणि हे लाल लुगडं ऐन मधोमध होतं. जुन्या रंगाला उजेड खातो, आणि गेलेला रंग परत येत नाही. म्हणून तिने त्यावर एकच मंद दिवा सोडला होता.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी आयोजक प्रविणने ओळखीची माणसं बघायला आणली. बाहेर एप्रिलचं ऊन. आत शिरताच सगळे चाचपडू लागले.

"कुठी हाय लुगडं?"

"अंधार पाहाले बलावलं का बे आमाले?"

प्रविण गुंजनजवळ आला. "मॅडम, उद्या सकाळी हॅलोजन लावतो मी. लोकं का टॉर्च घेऊन येतीन?"

"लावा. मग लुगडं मी काढून घेते."

"अन् पोस्टरवरच्या लुगड्याच्या जागी काय, मी उभा राहू?"

उजेड कमी नव्हता. सकाळपासून आत असलेल्या गुंजनला काठाचा धागान् धागा दिसत होता. उन्हातून आलेल्या डोळ्यांना सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात, एवढंच. त्यासाठीच तिने दारापासून काळ्या पडद्यांचा वळणाचा बोळ केला होता. पण लोक तो एका दमात ओलांडत होते. 'सावकाश चला' ही पाटी कोणी वाचलीसुद्धा नाही.

माणसं परत निघाली तशी ती दारापर्यंत गेली. उन्हात चपलांचा ढीग पडला होता. काढा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. तरी प्रत्येक जण इथे थांबला होता, वाकला होता, आणि तेही डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या फरशीकडे बघत.

संध्याकाळी तिने चपलांची जागा बोळात आणली आणि शेजारी बाक टाकला.

दुसऱ्या दिवशी लोक बाकावर टेकले, पट्टे सोडत बसले, मागच्यांसाठी थांबले, पोरांवर खेकसले. वळण ओलांडेपर्यंत डोळे सरावले होते. प्रविणने हॅलोजन टेबलाखाली सारला.

दुपारी रुखमाबाई तृप्तीला घेऊन आल्या.

"एवढं लाल होतं का वो हे, माय?" तृप्तीने विचारलं.

"असंन. तवा मायं ध्यान कुठी होतं लुगड्याकडे!" रुखमाबाई हसल्या आणि गुंजनकडे वळल्या. "मस्त दिसून राहिलं पोरी. राहू दे लग्नापर्यंत इथंच."

प्रविणचा चेहरा खुलला. गुंजनने मान हलवली.

"नाही काकू. रविवारी मी ते उतरवणार. मंद उजेडही रंग खातोच, फक्त हळू."

रुखमाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मंग तूच घेऊन ये घरी," त्या म्हणाल्या. "अन् जेवूनच जाजो."