प्रशासकाच्या नावावर रद्द झालेली तारीख

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर माझ्याकडून नऊ दिवस गेले नाही. ते अजून मनाला लागून आहे, म्हणून सांगतो. नीट सांगता येईल का, कोण जाणे.

मी एक जुना लॉगिन आहे. वडशाच्या एका नाटक मंडळीचे बुकिंग मुश्ताकभाई पाहतात. नीलिमाने त्यांना वेबसाइट करून दिली, तेव्हा माझा जन्म झाला. गावांसाठी तिने साधे लॉगिन केले. त्यात प्रत्येक गावाला फक्त आपलीच मागणी दिसते. मी मात्र प्रशासकाचा. मला सगळ्या गावांच्या तारखा दिसतात आणि रद्दही करता येतात. एवढ्या अधिकाराची मला पहिल्यापासून धास्तीच होती.

गावचा माणूस आला की मुश्ताकभाई उठून त्याला आपली खुर्ची देत आणि चहा सांगायला बाहेर जात. पाहुण्यादेखत मला बंद करणे त्यांना उद्धटपणाचे वाटे. मी उघडाच राही.

डिसेंबरात एका गावचे बापूराव तारीख मागायला आले. त्यांना शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दिवशीच नाटक हवे होते. त्या तारखेवर चामोर्शीकडच्या एका गावाचे नाव होते आणि शेजारी ‘रद्द करा’. चहा येईपर्यंत त्यांनी ते दाबले व आपले गाव भरले. नोंद झाली: प्रशासकाने रद्द केले. बोट त्यांचे, नाव माझे.

संध्याकाळी वेबसाइटवर चामोर्शीकडच्या त्या गावच्या इंदुताईंचे पत्र आले. “आमची तारीख काऊन काढली? लेकी माहेरी येऊन राह्यल्या, सोयऱ्यायले आवतन गेलं. आता गावाले मी का सांगू?”

मुश्ताकभाई ते पत्र रोज उघडत आणि रोज मिटत. खरे लिहायचे तर पाहुण्यावर ठपका येणार. तारीख जवळ येत होती, आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

नवव्या दिवशी नीलिमाने नोंदी तपासल्या. “मुश्ताकभाऊ, खुर्ची द्या ना, पण आपला लॉगिन काऊन देता?” ती म्हणाली. तिने बापूरावांच्या गावाला वेगळा लॉगिन करून दिला. मग मुश्ताकभाईंनी चाचरत बापूरावांना फोन लावला.

“मले वाटलं, असंच भरतात. त्या बाईले तिची तारीख द्या,” बापूराव म्हणाले. “आमी दुसऱ्या दिवशी करू. बैलं थोडीच नाटक पाहाले येतात.”

मित्रांनो, आपल्या खुर्चीवर कोणालाही बसवा. पण उठण्याआधी मला बंद करा. मला त्याचा राग येत नाही, उलट सुटल्यासारखे वाटते.

त्याच दुपारी मुश्ताकभाईंनी लिहिले, “इंदुताई, चूक माझी. लॉगिन उघडा ठेवून मी उठलो होतो. तारीख तुमचीच आहे. पाहुण्यांना येऊ द्या.” दोनदा वाचून त्यांनी ते पाठवले.