सहा इकडे, पाच तिकडे

मी कॉलम ब्रेक बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका, सापडायचा नाही. कागदावर मी कधीच उमटत नाही. पडद्यावरसुद्धा रोज दिसत नाही. वरचं ते उलट्या इंग्रजी 'पी'सारखं बटण दाबलं, तरच एक ठिपक्यांची रेघ दिसते आणि तिच्या मध्यावर माझं नाव. एवढाच माझा देह. ठिपके, आणि तेही फिके.

काम मात्र माझं जोखमीचं. पानावर मजकुराचे दोन उभे रकाने केले, की मजकूर डावीकडून भरत जातो आणि उजवीकडे वाहतो. त्याला कुठे थांबवायचं आणि पलीकडे कुठून धाडायचं, हे मी ठरवतो. 'इथून पुढचे पलीकडे चला,' हे माझं जन्मभराचं एकच वाक्य. दुसरं मला येतच नाही.

आज पाच वाजेपर्यंतचाच मी आहे. म्हणून जरा भराभर सांगतो.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत झाला. ही निवृत्त कामगार संघाची खोली. दोन टेबलं, चार खुर्च्या, सभासदांची जाडजूड वही, एक फोन आणि कापडी झाकण घातलेला संगणक. या संगणकाला आमच्या टायपिस्ट बाईंशिवाय कुणी हात लावत नसे. बाई कारखान्यात तीस वर्षं टाइपरायटर बडवून निवृत्त झाल्या, आणि आता दर तीन महिन्यांनी संघाचं चार पानी पत्रक काढतात. फुकट. वर टोमणे खातात ते वेगळेच.

तिसऱ्या पानावर एक ठरलेली चौकट असते. वरती एकाच ओळीत दोन मथळे, डावीकडे 'आपल्यातून गेलेले' आणि उजवीकडे 'वाढदिवसाच्या शुभेच्छा'. त्याखाली दोन रकाने. हे असं शेजारी शेजारी ठेवायची कल्पना कुणाची, ते विचारू नका. जागा वाचते म्हणतात.

मी यायच्या आधी बाई काय करायच्या माहितीये? डावीकडची नावं संपली की एंटर, एंटर, एंटर, असं खाली खाली जात राहायचं, शेवटी कंटाळून मजकूर पलीकडे उडी मारेपर्यंत. मग वर एखादं नाव वाढलं की सगळी वरात घसरली! बाई कपाळाला हात लावून बसायच्या. एकदा भाचीने फोनवर सांगितलं, "अगं मावशी, तीन कळा एकदम दाब. कंट्रोल, शिफ्ट, एंटर." बाईंनी ते चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं आणि श्वास रोखून तीन बोटं दाबली. तो माझा जन्म. उजवीकडची नावं एका झटक्यात वर जाऊन ताठ उभी राहिली. बाई एकट्याच होत्या खोलीत, तरी मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, केवढं सोपं होतं हे!"

मोठ्याने बोलायची त्यांना सवयच आहे. टाइप करताना त्या सगळं बोलतात, नावं, तारखा, शिव्यासुद्धा. म्हणून तर मला एवढं सगळं माहीत.

या वेळच्या पत्रकात डावीकडे पाच नावं होती. उजवीकडे सहा. उजवीकडची पहिली दोन नावं जुळ्या भावांची होती, दोघेही याच कारखान्यातले. एकाच तारखेचे वाढदिवस. थोरला धाकट्यापेक्षा बारा मिनिटांनी मोठा, म्हणून त्याचं नाव आधी. थोरला फोरमन होऊन निवृत्त झाला. त्याला सगळे अजून फोरमनच म्हणतात. धाकटा युनियनवाला, शेवटपर्यंत साधा फिटर, आता दूरच्या गावी एकटाच राहणारा. बाई ती दोन नावं टाइप करताना दरवेळी पुटपुटायच्या, "कागदावर तरी शेजारी बसा रे बाबांनो."

कारण दोघे बावीस वर्षं बोलत नव्हते. कारखान्यात मोठा संप झाला तेव्हा थोरला आत गेला आणि धाकटा फाटकाबाहेर राहिला. बस, तेवढंच.

पत्रक पूर्ण झालं. बाईंनी ते 'अंतिम' नावाने ठेवलं आणि डोळे तपासायला गेल्या. इथे आमचे चिटणीस अवतरले. चिटणीस म्हणजे कारखान्यातले निवृत्त तपासनीस. पस्तीस वर्षं मालावरचे ओरखडे शोधण्यात गेली बिचाऱ्याची. अजूनही चहाचा कप आधी उजेडाकडे धरून बघतात. त्यांनी 'अंतिम'ची एक प्रत काढली, तिला 'खरं अंतिम' असं नाव दिलं आणि चष्मा नाकावर ओढून तपासायला बसले. कुठलं बटण दाबलं गेलं कोण जाणे, पण तिथला माझा जोडीदार त्यांना दिसला.

"हे काय ठिपक्यांचं? छापून आलं तर घाण दिसेल," असं म्हणून त्यांनी त्याला पुसलं. ओरखडा काढला. बोटांवर फुंकरसुद्धा मारली असेल!

आता हा प्रोग्राम कसा आहे सांगतो. मी नसलो आणि खाली रकाने संपत असले, की तो वर बघत नाही, मथळे वाचत नाही, फक्त ओळी मोजतो आणि दोन्हीकडे सारख्या वाटतो. पाच आणि सहा, अकरा ओळी. सहा इकडे, पाच तिकडे. झालं! उजवीकडचं पहिलं नाव उचललं आणि डावीकडे सगळ्यांत खाली नेऊन बसवलं. फोरमन गेलेल्यांच्यात. चिटणिसांनी पानावरून नजर फिरवली, दोन्ही रकाने कसे छान समसमान दिसत होते! तेच पत्रक छापलं आणि सगळ्या सभासदांना पोस्टाने गेलं.

तीन दिवसांनी फोरमन जिने चढून आले. हातात पत्रक. बाई समोरच होत्या.

"बाई, मी गेलो का हो? मला कुणी काही बोललं नाही घरी."

बाईंनी पान बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. भराभर त्यांनी माझी फाइल उघडली. मी जागच्या जागी. मग चिटणिसांची उघडली. तिथे नुसतंच वाहून गेलेलं. बाई रडायलाच लागल्या. चिटणीस म्हणाले, "मी कशाला कुणाचं नाव हलवू? मी फक्त एक रेघ काढली. ती रेघ कशाला होती, हे मला कुणी सांगितलं का?" खरंच, कुणी सांगितलं नव्हतं. दिसत नाही त्याच्याबद्दल कोण कुणाला सांगतंय!

"आजच दुरुस्तीचं पान काढते," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आजच टाकते पोस्टात."

फोरमन खुर्चीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "आठ दिवस थांबाल?"

"अहो, पण लोकांना वाटेल..."

"वाटू दे. धाकट्याकडेही गेलं असेल ना हे? तो अक्षर न् अक्षर वाचतो, लहानपणापासून. पुड्याचा कागदसुद्धा सोडत नाही." मग बराच वेळ ते टोपीची किनार चाचपत राहिले. "जिवंतपणी नाही आला. मेलो म्हटल्यावर तरी येईल की. माझी बायको तेव्हा दवाखान्यात होती बाई, पगार बंद झाला असता तर औषध बंद झालं असतं, म्हणून आत गेलो मी. हे त्याला सांगायचं राहून गेलं. एवढं सांगायचंय मला. मग मला खुशाल डावीकडे टाका."

बाईंनी मान हलवली.

मग आठ दिवस फोरमन रोज सकाळी येऊन फोनजवळ बसू लागले, कारण पत्रकावर संघाचाच नंबर असतो. सांत्वनाचे फोन आले की स्वतःच उचलायचे. "हो, मीच बोलतोय. नाही, अजून इथेच आहे." एकाने घाबरून फोनच ठेवला. दुसरा गडबडून म्हणाला, "बरं बरं, मग वाढदिवसाच्या शुभेच्छा!" फोरमन पोट धरून हसले. मी आत फाइलीत पडल्या पडल्या ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, येऊ दे रे, एकदा त्या धाकट्याचा फोन येऊ दे. माझा जोडीदार पुसला गेला त्याचं तरी काही चीज होऊ दे. जिन्यावर पाऊल वाजलं की फोरमन टोपी घालायचे. पाऊल खाली शिंप्याकडे वळलं की काढायचे. बाई तेवढ्यापुरतं टाइप करणं थांबवायच्या.

आठव्या दिवशी, म्हणजे आज, पोस्टमन आला. टपालात आपलंच एक पाकीट परत आलेलं होतं. धाकट्याच्या नावाचं. वर निळ्या शाईत कुणीतरी घाईघाईने लिहिलं होतं, 'मालक मयत. सबब परत.'

पोस्टाची ही भाषाच आहे. ज्याचं पत्र, तो मालक. बाईंनी पाकीट लपवायचा प्रयत्न केला, पण फोरमननी ते हातातून घेतलं, लांब धरून वाचलं.

"मालक?" ते म्हणाले. "कोण मालक? आमचा धाकटा? जन्मभर मालकांच्या नावाने खडे फोडले लेकाने, आणि शेवटी पोस्टाने त्यालाच मालक करून टाकला!" आणि ते हसायला लागले. हसता हसता ते हसणं कधी बदललं, ते मला कळलं नाही. बाईंना कळलं असावं, कारण त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

सभासदांच्या वहीत धाकट्याच्या शेजाऱ्यांचा नंबर होता. बाईंनी लावून फोन फोरमनच्या हातात दिला. पलीकडून शेजारीण म्हणाली, दीड महिना झाला. झोपेतच गेले. तुमचा पत्ता आमच्याकडे कुठे होता?

दीड महिना. म्हणजे बाईंनी शुभेच्छांच्या खाली त्याचं नाव टाइप केलं, त्याच्या आधीच तो गेलेला होता. गेलेल्यांत एक नाव जायचंच होतं. फक्त शेजारचं गेलं.

फोरमननी फोन ठेवला. "बाई, तुमची चूक बारा मिनिटांचीच झाली हो," ते म्हणाले. "जास्त नाही."

चिटणीस खाली जाऊन तीन चहा घेऊन आले. कप उजेडाकडे न धरताच त्यांनी फोरमनपुढे ठेवला. माफी मागायची त्यांची तीच रीत असावी. कुणी चहाला हात लावला नाही.

दुपारी बाई दुरुस्तीचं पान करायला बसल्या. माझीच फाइल उघडली. धाकट्याचं नाव उजवीकडून उचललं, डावीकडे सगळ्यांत खाली, माझ्या अगदी वर आणून ठेवलं. माझ्या अगदी खाली, पलीकडे सगळ्यांत वर, फोरमन. फोरमन बाईंच्या मागे उभे राहून बघत होते.

"आमच्या मध्ये हे ठिपके कसले?"

"कॉलम ब्रेक. छापून येत नाही तो. पण त्याच्यामुळे तुम्ही तिकडे राहता."

"बावीस वर्षं आमच्या मध्ये जे होतं, तेही कुणाला दिसायचं नाही." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, बरोबर माझ्यावर. "काढा ते."

"अहो, पुन्हा घोटाळा होईल. तुमचं नाव परत..."

"होऊ दे. काढा. एकदा बसू दे शेजारी."

सांगतो तुम्हाला, इतके दिवस मला एकच धास्ती होती, कुणी पुसेल याची. पण त्या क्षणी मी स्वतःच म्हणत होतो, काढा बाई, मला काढा. घेऊ दे त्याला भावाच्या खालची ओळ. बाई बिचकत होत्या, म्हणून त्यांनी मला पुसलं नाही, कापून घेतलं. म्हणजे बिनसलंच तर परत चिकटवता येईल. मी पानावरून उचलला गेलो.

आणि पानावर काहीही हललं नाही.

प्रोग्रामने ओळी मोजल्या. आता गेलेले सहा, वाढदिवसवाले पाच. अकरा ओळी. सहा इकडे, पाच तिकडे. धाकटा डावीकडे तळाशी, थोरला उजवीकडे वरच्या टोकाला, होते तिथेच. मधली वाट कोरी.

फोरमन वाकून बघत राहिले. "काढलंत?"

"काढलं."

"मग हा इकडे का येत नाही?"

फोरमननी पाकीट घडी करून खिशात घातलं, टोपी घातली आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले. बाईंनी पान तसंच छापलं. बरोबर आहे पान. चिटणिसांनी तपासलं, एकही ओरखडा नाही.

मला परत चिकटवायची गरजच पडली नाही. तेव्हापासून मी इथे आहे, संगणकाच्या आठवणीत, कापून ठेवलेला. मशीन बंद झालं की ही आठवण पुसली जाते. मी असतो तरी ते दोघे वेगळे, नसतो तरी वेगळे. हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर आता जगून काय करू? तुमच्या दोघातिघांत असं काही न दिसणारं असेल, तर ते वेळेवर काढा, एवढंच माझं मागणं. उशिरा काढून काही हलत नाही.

पाच वाजत आलेत. बाईंनी कापडी झाकण झटकून मांडीवर घेतलंय. चिठ्ठी अजून पडद्याच्या कडेला आहे, तीन कळांची. मशीन त्यांना विचारतंय, बंद करू का?

बाई, हो म्हणा.