खोडशील ना?

शुक्रवारी दुपारी त्या घरात खोडायचं काम असे. जेवणाची भांडी निघाली की आई टेबल पुसून कोरडं करी आणि मुलांच्या स्वाध्यायपुस्तिका पुढ्यात घेऊन बसे. पुस्तिका घेतल्या होत्या त्या थोरलीसाठी. तिने त्या पेन्सिलीने सोडवल्या, आईने तपासल्या, खोडल्या आणि पुढच्याला दिल्या. त्याने सोडवल्या, परत खोडल्या. सात मुलांच्या घरात कपडे जसे एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर उतरतात, तशी तिथे गणितंही उतरत. फरक एवढाच, की थोरलीच्या कोटाला आता दोन्ही कोपरांवर ठिगळं होती आणि गणितं मात्र दर वेळी कोरी करकरीत होऊन येत.

तसं त्या घरात काहीच एकदा वापरून संपत नसे. साबणाचे उरलेले तुकडे ओले करून, दाबून नवा गोळा व्हायचा. आंघोळीच्या पाण्याने फरशी पुसली जायची आणि तेच पाणी मग संडासात. दुकानात जाताना कापडी पिशवी विसरली, तर अर्ध्या रस्त्यातून परत यायचं, पण दुकानदाराची पिशवी घ्यायची नाही, असा नियम होता. बटाट्याच्या रश्शात पाणी वाढत वाढत अशा थराला पोचलं होतं, की दादा वाटीत चमचा फिरवत म्हणे, "आई, बटाटा बुडाला बहुतेक."

"मग उडी मार आणि काढ," आई म्हणे.

सगळे हसत. निदान तेव्हा तरी.

मुलं घरी शिकत होती ती काही हौस म्हणून नव्हे. आधी थोरली, दादा, ताई आणि मधली अशी चौघंही शाळेत जात. मधली तेव्हा पहिलीतच होती. एकदा तिच्या वहीचं पान बाईंनी फाडून फळ्याशेजारी टाचलं, चुकांना लाल गोल करून, सगळ्यांनी बघावं म्हणून. वर्ग हसला. वर्गाचं काय, वर्ग कशालाही हसतो. पण मधली त्या दिवशी घरी आली ती बाहेरच्या माणसाशी बोलायचं बंद करूनच. पुढे भुवईचे केस उपटायला लागली. एक भुवई पार गेली तेव्हा आईने तिला घरी ठेवलं. मग एकीला घरी शिकवायचं तर सगळ्यांनाच का नको, म्हणून बाकीचीही राहिली. त्यांच्यामागचे जुळे आणि शेंडेफळ यांनी तर शाळेचं दार पाहिलंच नाही.

भुवई परत आली. घरात मधली बोलायलाही लागली, कमी पण नेमकं. कपाटाच्या मागे, भिंत आणि कपाट यांच्यामधल्या फटीत ती पाट टाकून बसे आणि तिथे लिही. पान आईच्या हातात देताना दर वेळी एकच प्रश्न विचारी.

"खोडशील ना?"

"खोडते."

"सगळं?"

"सगळं गं बाई."

मग ती फटीत परत जाई आणि टेबलावरच्या खोडरबरचा खसखस आवाज ऐकत बसे. आवाज थांबला, आईने कीस फुंकला, की पुढचं पान सुरू.

आणि काय लिहायची! उत्तर लिहून झालं की समासात पुस्तिकेशी भांडण. टाकीत एका नळाने पाणी येतं आणि भोकातून जातं, टाकी किती वेळात भरेल, या गणिताशेजारी तिने लिहिलं होतं: 'आधी भोक बुजवा. आमच्याकडे बाबांनी बुजवलं होतं.' आई ते वाचून पोट धरून हसली होती. आणि मग दिलेला शब्द पाळून तिने ते खोडलं होतं. खोडताना हात जरा रेंगाळला, एवढंच.

घरी शिकणाऱ्या मुलांच्या तपासणीला दर वर्षी शिक्षण खात्याचे एक म्हातारे साहेब येत. मुलांना दोन पाढे विचारत, मधलीच्या डोक्यावर हात ठेवत, चहा घेत आणि सही करून जात. या वर्षी ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. तरुण, नीटस, बूट दारातच पुसून आत आलेल्या. मुलं एका रांगेत बसली होती. बाईंनी सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी सांगितलं. जुळ्यांनी तर एकमेकांची उत्तरंही सांगून टाकली. मग बाई मधलीकडे वळल्या.

मधलीने फरशीकडे पाहिलं. तिचा हात भुवईकडे जाताना आईला दिसला.

"ती परक्यांसमोर बोलत नाही," आई म्हणाली. "पण येतं तिला सगळं. या सगळ्यांत तीच—"

"काही हरकत नाही," बाई म्हणाल्या. "लेखी दाखवा."

आईने मोठ्या उत्साहाने पुस्तिकांची चळत आणून ठेवली. बाईंनी पहिली उघडली. दुसरी उघडली. पानं उलटत गेल्या.

"या कोऱ्या आहेत."

"कोऱ्या नाहीत हो. खोडलेल्या आहेत."

"का?"

"पुढच्याला लागतात ना!" आई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिलाच ऐकू आलं आपण काय केलंय ते. वर्षानुवर्षं, एकही डाग राहू नये म्हणून पुस्तिका उजेडात धरून धरून, तिने आपल्या मुलांचा सगळा अभ्यास पुसून टाकला होता.

थोरली उठली. "थांबा. मधली दाबून लिहिते." तिने पेन्सिल आडवी धरून एका पानावर हलकेच घासली. काळ्या छटेतून पांढरे वळ वर आले. घर श्वास रोखून बघायला लागलं. अक्षरं उमटली खरी, पण चौघांचीही उमटली. थोरलीच्या उत्तरावर दादाचं, दादाच्या उत्तरावर ताईचं, त्यावर मधलीचं. एकाच जागी चार हात. समासात तर नुसतं जाळं झालं होतं.

बाईंनी ते पान बराच वेळ पाहिलं. वाईट नव्हत्या त्या. "कुणीतरी लिहिलंय हे दिसतं," त्या हळूच म्हणाल्या, "पण हिने काय लिहिलं ते मला दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते मी अहवालात कसं लिहू? मी परत येईन. तेव्हा हिच्या हाताने लिहिलेलं, न खोडलेलं दाखवा. नाहीतर नव्या सत्रापासून हिला शाळेत घालावं लागेल. बाकीच्यांचं काही नाही. फक्त हिचं."

त्या गेल्यावर शेंडेफळाने विचारलं, "त्यांनी चहा का नाही घेतला?"

बाबा मोठ्या लाँड्रीत इस्त्रीवर होते. संध्याकाळी त्यांनी येताना एक नवी कोरी वही आणली. त्या घरात नवी वही म्हणजे सोहळाच. जुळ्यांनी तिचा वास घेतला. आईने ती मधलीच्या हातात दिली.

"ही खोडायची नाही?" मधलीने विचारलं.

"नाही. ही तुझीच. कायमची."

दुसऱ्या दिवशी वही कोरी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. पानाच्या खालच्या कोपऱ्यात घामेजल्या अंगठ्याचा तेवढा ठसा. आई गोड बोलली, रागावली, मांडीवर घेऊन बसली, एवढ्या मोठ्या पोरीला. "अगं, तुझ्याच भल्यासाठी आहे. चार ओळी लिही. काहीही लिही."

"राहील ना ते," मधली म्हणाली.

"राहू दे की!"

मधलीने मान हलवली. त्या दिवसापासून ती घरातही बोलेनाशी झाली. जेवताना आईने तिचा चेहरा उजेडाकडे वळवला, तर डाव्या भुवईत बोटाच्या पेराएवढी जागा मोकळी झाली होती.

आईने मग काय काय नाही केलं. दादाने मधलीसारखं अक्षर काढून बघितलं, तर आईने त्याच्या हातातून कागद ओढून घेतला. पकडलं असतं तर सातही जणांना शाळेत घालावं लागलं असतं. ती नव्या बाईंच्या कार्यालयात जाऊन बाकावर बसून आली. तिथे सगळे नीट बोलले आणि सगळ्यांनी तेच सांगितलं. घरी येऊन तिने रश्शात मीठ दोनदा घातलं आणि कुणी काही म्हणायच्या आत पाणी ओतून ठेवलं. दादाने वाटीत पाहिलं आणि बटाट्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

रविवारी सकाळी बाबा धुतलेल्या चादरीचं एक टोक धरून उभे होते, दुसरं आईच्या हातात. झटकून, ताणून, घडी घालता घालता ते म्हणाले, "जुनी पुस्तिका दे तिला. लिहील ती."

"लिहील. आणि मग?"

"मग खोडू नकोस."

चादर दोघांच्या मध्ये लोंबत राहिली.

"मी शब्द दिलाय तिला."

"माहितीये."

"अहो, एवढ्या एका शब्दावर ती पोर लिहिते. दुसरं काही नाहीये तिच्याकडे."

"मग पाळ शब्द," बाबा म्हणाले, "आणि पाठव शाळेत. बघ, भुवया उरतात का." बोलून झाल्यावर त्यांनाच ते सोसेना. त्यांनी आपलं टोक तिच्या हातात आणून दिलं आणि बाकीच्या चादरींच्या घड्या एकट्याने घालत बसले.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते त्या घरात तेव्हा होतं. दुपारी आईने नळ-टाकीच्या गणितांची तीच जुनी, खोडलेली पुस्तिका काढली आणि कपाटामागे नुसती सरकवली. बराच वेळ काही नाही. मग पेन्सिलीचा आवाज आला, आधी थबकत, मग धावत. मधली बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर शिशाचा डाग होता.

"खोडशील ना?"

आईने पुस्तिका हातात घेतली. "हो."

"सगळं?"

"सगळं."

मधली फटीत जाऊन बसली. आईने पुस्तिका उघडून ठेवली, तिच्याशेजारी नवी वही ठेवली आणि त्या वहीच्या कोऱ्या पानावर खोडरबर घासायला लागली. खसखस, खसखस. पान चुरगळेल इतक्या जोराने. मग तिने कीस फुंकला. मधलीचं पान तिने ब्लेडने शिवणीपासून अलगद कापून घेतलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं. पुढल्या दिवशी तसंच. त्याच्या पुढल्याही. मधली परत बोलायला लागली होती. एकदा तर तिने जुळ्यांना दम दिला. सगळं घर तिच्याकडे बघून हसत होतं आणि आई पिठाच्या डब्याकडे बघत नव्हती.

बाई येणार त्या दिवशी आईने थोरलीला सांगितलं, "मधलीला घेऊन दुकानात जा. सावकाश ये. वाटेत बागेत बसा."

"आपण कधी बागेत बसतो?" मधलीने विचारलं.

"आज बसा."

त्या गेल्या, बाई आल्या. आईने डबा उचलला, पानं झटकली. पीठ बाईंच्या बाहीवर उडालं. बाई वाचायला लागल्या. एक पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर त्यांच्या ओठांचे कोपरे हलले आणि मग त्या मोकळेपणाने, मनापासून, मोठ्याने हसल्या.

"'आधी भोक बुजवा!' अहो, किती हुशार आहे ही! मी माझ्या—"

आई दाराकडे पाहत होती, म्हणून बाई थांबल्या.

दारात मधली उभी होती. मागे धापा टाकत थोरली. "पिशवी राहिली," थोरली कशीबशी म्हणाली. "मी म्हटलं चालेल आज, पण ही ऐकेना. धावत आली."

चालणार कसं होतं? त्या घराचा नियमच होता तो. खुंटीवर पिशवी होती आणि खुंटीखाली बाई बसल्या होत्या, हातात पान, तोंडावर अजून हसू.

मधली रडली नाही. ती आत आली, बाईंच्या डोक्यावरून हात लांब करून तिने पिशवी काढली. बाईंनी घाईघाईने पान पालथं ठेवलं. "छान लिहितेस गं," त्या म्हणाल्या. मधलीने आईकडे पाहिलं. पुष्कळ वेळ नाही. पिशवीची घडी करून तिने काखेत धरली आणि ती दुकानात गेली.

बाईंनी सही केली. पुढच्या वर्षापर्यंत काळजी नको, म्हणाल्या. जाताना बाहीवरचं पीठ झटकलं आणि दारात क्षणभर घुटमळल्या. संध्याकाळी बाबांना कळलं तेव्हा ते खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "राहिली," ते म्हणाले. "घरी राहिली ती."

"हो," आई म्हणाली. "घरी राहिली."

शुक्रवार आला. भांडी निघाली, टेबल पुसून झालं. सगळ्यांनी आपापल्या पुस्तिका आणून ठेवल्या. मधलीनेही ठेवली, शेवटी, चळतीच्या अगदी खाली. काही न विचारता.

आईने ती उघडली. पान कोरं होतं. तिला वाटलं, लिहिलंच नाही. मग शिवणीच्या खाचेत तिला खोडरबरचा कीस दिसला, बारीक, काळपट. पोरीने लिहिलं होतं आणि आपल्या हाताने खोडूनही टाकलं होतं. उत्तर, समास, सगळं.

पुस्तिका खिडकीकडे तिरकी धरली असती, तर वळ दिसले असते. टेबलावर पेन्सिल होती. आईचा हात पेन्सिलीवर जाऊन थांबला. कपाटामागे कसलाच आवाज नव्हता, श्वासाचाही नाही.

तिने पेन्सिल लांब सरकवली, पुस्तिका मिटली आणि जुळ्यांपैकी जवळ होता त्याच्या हातात दिली.

"कोरी आहे?" त्याने विचारलं.

"कोरी आहे," आई म्हणाली, कपाटामागे ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "घे, लिही."