तिच्या मागची वाट

दरवर्षी भादव्यात मी आणि वच्छला म्हैसमाळला जायचो. आमच्याकडं वाहन नव्हतं. एसटीनं खुलताबाद, तिथून काळी-पिवळी जीपनं डोंगरावर, आणि पुढं तळ्यापर्यंत पायी. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला एका उंबराखाली सपाट काळा दगड होता. त्यावर बसून भाकरी खायची आणि परत यायचं, एवढंच. पण वर्षभर ती त्या दिवसाचं बोलायची.

वैशाखात वच्छला गेली. यंदा त्या दगडावर एकदा बसून यावं, एवढंच मनात होतं. मुलगा अतुल म्हणाला, "बाबा, मोटारसायकलवर नेतो की. कशाला धक्के खाता?"

मी म्हणालो, "नको. आम्ही जायचो तसाच जाईन."

खुलताबादला मुनीबची जीप उभी होती. भरल्याशिवाय ती हलत नाही. "किती शीट, चाचा?" मुनीबनं विचारलं.

"दोन," मी म्हणालो, आणि शेजारची जागा पिशवी ठेवून धरली.

माणसं दाटीवाटीनं बसली, मागं दोघं लटकले, तरी गाडी निघेना. कोणीतरी ओरडलं, "अरे चलो ना भाई, शिजून निघालो आम्ही!"

"चाचांचं एक शीट बाकी हाय," मुनीब म्हणाला. "चाचा, कुठं राहिलं तुमचं माणूस? बांगड्या भरायला बसलं का काय?"

सगळे हसले. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली. "एकच हाय, बाबा. सवयीनं बोललो."

मुनीबनं माझ्याकडं पाहिलं आणि गाडी सुरू केली.

वर उतरून तळ्याकाठी आलो. म्हातारपणी अक्षरं शिकलो, तेव्हापासून दिसेल ती पाटी वाचतो. रिसॉर्टची पाटी वाचली. बागेची वाचली. पाण्यात उतरू नये, तीही वाचली. पुढं तीन पायवाटा फुटत होत्या आणि तिथं पाटी नव्हती.

एका वाटेनं गेलो, तर रिसॉर्टचं तारेचं कुंपण लागलं. दुसरी झाडीत शिरून संपली. तिसरीनं चिखलात नेलं. उंबर दिसले, पण एकाखालीही दगड नव्हता.

इतक्या वर्षांत मी ती वाट कधी पाहिलीच नव्हती. वच्छला पुढं चालायची, मी पिशवी घेऊन मागं. पाहिल्या त्या तिच्या भेगाळलेल्या टाचा आणि चिखलानं माखलेला लुगड्याचा काठ. ती थांबली की मी थांबायचो, ती बसली की बसायचो.

मी तिथंच गवतात बसलो. इतक्यात एक जोडपं आलं. बाई झपझप पुढं, माणूस पिशवी घेऊन मागं, मान खाली.

"आशे, जरा हळू की!"

"तुम्ही पाय उचला. मुंग्या गेल्या तुमच्या पुढं!" मग तिनं मला पाहिलं. "भाऊ, वाट चुकले का?"

"व्हय. एक उंबर हाय, खाली काळा दगड."

"उंबर लई हैत इकडं. मालकिणीला इचारा ना, बायांच्या ध्यानात असतं."

"तिच्याच ध्यानात होतं," मी म्हणालो.

 बाई खाली बसली, फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. आम्ही तिघं तिथंच, कुठल्याच झाडाखाली नाही, असे जेवलो. भाकरी चांगली होती.

हात धुताना मी त्या माणसाला म्हणालो, "दादा, एकदा तुम्ही पुढं चाला."

"मी?" तो हसला. "मला कुठं वाट ठाऊक!"

"म्हणूनच म्हणतो."

त्याचं हसू विरलं. परत निघताना आशाबाई नेहमीसारखी पुढं झाली. तो जागेवरच थांबला, मान वर करून त्यानं झाडांकडं, तळ्याकडं पाहिलं. मग तिच्या मागं चालू लागला.

आणि त्या दोघांच्या मागं मी.