दुर्गाताईंचा पीपी नंबर

“घरात कुणाला नकोय हे धूड, पण पुसायचं मात्र मीच!”

हे पुटपुटणं अगदी माझ्या तोंडाशी झालं, म्हणून मला स्पष्ट ऐकू आलं. शुभदा ओल्या फडक्यानं माझी बटणं घासत होती. एकेकाळी हीच शुभदा दसऱ्याला माझ्यावर झेंडूचं फूल ठेवायची.

मित्रांनो, मी फोन आहे. तुमच्या खिशातला नव्हे. भिंतीतून वायर निघते आणि तिच्या टोकाला जन्मभर एका जागी बसून राहतो, तसला. रंग बिस्किटी, आता थोडा पिवळट. भाईंदरला गोडदेवात एका इमारतीच्या तळमजल्यावर माझं स्टूल आहे. ईश्वर आणि शुभदा परळची खोली सोडून इथे राहायला आले आणि त्यांनी माझ्यासाठी अर्ज केला, तेव्हा त्यांची क्षितिजा बालवाडीत होती. मी आलो तेव्हा ती चौथीत गेली होती. इतकी वाट तेव्हा माझी पाहत असत! वायर जोडणाऱ्या माणसाला पेढे दिले, आणि माझ्यासाठी शुभदानं स्वतः क्रोशाचं झाकण विणलं.

माझ्याआधी इथे पत्रं यायची, क्वचित तार यायची. तार दिसली की ती उघडण्याआधीच बायका रडायला लागत. माझ्यामुळे आनंदाच्या बातम्याही घाईनं येऊ लागल्या. इमारतीतल्या आणि मागच्या चाळवजा घरांतल्या मिळून नऊ घरांनी माझा नंबर आपलाच समजून वाटला. लग्नपत्रिकेवर, शाळेच्या फॉर्मवर नंबरापुढे ‘पीपी’ लिहायचं, की झालं. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, पण ते बोलावून देतात. बोलावून द्यायचं काम क्षितिजाचं. तिचं अर्धं बालपण जिन्यावर धावण्यात गेलं. ईश्वर संध्याकाळी स्टेशनावर उतरून दोनदा रिंग देऊन ठेवून द्यायचा. मग शुभदा मला न उचलताच कुकर चढवायची.

या पीपीवाल्यांत माझ्या सगळ्यात जवळच्या म्हणजे दुर्गाताई. इमारतीमागच्या जुन्या बैठ्या घरात राहतात, बाजारात मासळी विकतात. त्यांचा एकुलता एक प्रणित मस्कतला नोकरीला गेला. तिथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी अकराला त्याचा फोन. शुक्रवार मासळीच्या विक्रीचा मोठा दिवस, पण दुर्गाताई दहालाच पाटी उचलायच्या. घरी जाऊन लिंबानं हात धुवायच्या, लुगडं बदलायच्या आणि साडेदहाला माझ्यासमोर येऊन बसायच्या. रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरून ओरडायच्या, “जेवलास काय रं? आं? काय खाल्लंस?” मस्कतला माझ्याशिवायही ऐकू गेलं असतं! फोन ठेवला की त्या मला थोपटायच्या. अजून कुणी मला असं थोपटलेलं नाही.

मग मोबाईल आले. आधी ईश्वरच्या पट्ट्याला, मग क्षितिजाच्या कॉलेजच्या पिशवीत, शेवटी शुभदाच्या पदराआड. एकेका घरानं माझा नंबर खोडला. कुणी सांगायलासुद्धा आलं नाही. सुट्टीवर आलेल्या प्रणितकडेही चकचकीत मोबाईल होता. आईला मात्र तो म्हणाला, “तुला कशाला, आई? शुभदामावशींचा नंबर हाय ना.”

माझा ऊर भरून आला. काय भोळा होतो मी!

तो परत गेल्यावर दर शुक्रवारचा फोन महिन्यावर गेला. मग गणपतीला एकदा. मग नाहीच. क्षितिजानं एकदा माझ्यावरून त्याचा मोबाईल लावला. तो वैतागून म्हणाला, “तिचं दरवेळी तेच. जेवलास काय, जेवलास काय. आईला सांग ना, तुमचा फोन बंद पडलाय.”

ते वाक्य मीच क्षितिजाच्या कानात पोचवलं. माझ्या मरणाची खोटी बातमी, माझ्याच तोंडून!

क्षितिजानं ते शुभदाला सांगितलं. शुभदाचा जीव तुटला, आणि पुढच्या शुक्रवारी ती म्हणाली, “दुर्गाताई, रस्ता खणलाय ना, लाईनच मेलीय बघा.” खोटं पकडलं जाऊ नये म्हणून ती दर शुक्रवारी माझी वायर भिंतीतून उपटून ठेवू लागली. वरच्या मजल्यावरची हंसाबेनही जिन्यात भेटली की सांगायची, “अरे मौशी, वो फोन तो कबका डब्बा हो गया।” सगळी माणसं चांगली. सगळ्यांनी दुर्गाताईंना जपलं आणि मला बदनाम केलं. तरी त्या येत राहिल्या. “आलीय का लाईन?” विचारायच्या, चहा प्यायच्या, उठून जायच्या. दीड वर्ष.

आज शुक्रवार. सकाळी ईश्वर म्हणाला, “दोन दिवस कसला नुसता खरखरतोय. आज अर्ज देऊन बंदच करून टाकतो.” शुभदा म्हणाली, “अहो, पण दुर्गाताईंना काय सांगायचं?” तो म्हणाला, “तूच बघ काय ते.” त्या रागातच माझी पुसापुशी चालली होती, आणि त्या रागातच ती वायर काढायला विसरली.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकायला माझी ना नाही. प्रत्येकाचे दिवस भरतात. फक्त स्वतःला खरं सांगता येत नाही म्हणून आमच्या नावावर खोटं खपवू नका. आम्हाला उलटून बोलता येत नाही.

साडेदहाला दुर्गाताई आल्या. हाताला लिंबाचा वास. शुभदा चहा टाकायला आत गेली. कप हातात घेऊन आली आणि अडखळत म्हणाली, “दुर्गाताई, एक सांगायचं होतं...”

आणि मी वाजलो.

मला वाजायचं नव्हतं. खरंच नव्हतं. पण आतून घंटी आली की मला थांबता येत नाही. शुभदाच्या हातातला चहा बशीत सांडला. दुर्गाताईंनीच रिसीव्हर उचलला. आज त्यांनी तो कानाला घट्ट लावला.

“प्रणित?”

“अगं शुभदा, तुझा मोबाईल लागत नाहीये,” खरखरीत आवाज न ओळखता ईश्वर म्हणाला. “अर्ज दिला. उद्यापासून हा नंबर बंद.”

दुर्गाताईंनी रिसीव्हर सावकाश खाली ठेवला. शुभदा भिंतीतल्या वायरीकडे बघत उभी होती.

“वायर काढायची राहिली वाटतं आज,” दुर्गाताई म्हणाल्या.

शुभदाच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुम्हाला माहीत होतं?”

दुर्गाताईंनी मला थोपटलं. पूर्वीसारखंच, दोनदा.

“याला उगाच मेला मेला म्हनलीस, बाय. यो चांगला हाय. माझा पोरच मला फोन करत न्हाय.”