दुसरी किल्ली

अर्जुनकाकांनी कॉम्प्युटर माझ्या काउंटरवर ठेवला तेव्हा त्याच्या गुंडाळलेल्या वायरीला कुलूप होतं. लालभडक, चांगलं मुठीएवढं. त्याला पत्र्याचा एक बिल्ला लोंबत होता आणि त्यावर ठोकून उमटवलेलं होतं, ‘अर्जुन बिरादार, मेंटेनन्स’.

"हे काय, काका?"

"कुलूप हाय."

"ते दिसतंय. पण कशाला?"

"बिघडलेली मशीन कुणी चुकून चालू करू नये म्हणून. समोर एकेक फाइल पांढरी पडायलीती. घरचा मेन पाडला, पिन काढली, कुलूप घातलं आन् रिक्षात बसलो. मंजुळाबाईचा मिक्सर मधीच बंद पडला. चटणी तशीच हाय. आता घरी जायाचं म्हणलं तर भ्या वाटायलंय."

डांगे चौकात माझं दुरुस्तीचं दुकान अकरा वर्षं आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट शिकले, की कॉम्प्युटर घेऊन येणारा माणूस आधी खोटं बोलतो. ‘मॅडम, मी काहीच केलं नाही, आपोआप झालं.’ जणू कॉम्प्युटर स्वतःच उठून बाजारात गेला आणि आजार घेऊन आला. अर्जुनकाका मात्र स्टूल ओढून बसले आणि चूक केलेल्या मुलासारखं सगळं सांगून मोकळे झाले.

आवाजातली घरघर काढून टाकणारं एक सॉफ्टवेअर त्यांना हवं होतं. विकतचं होतं, पण कुठल्याशा साइटवर तेच फुकट मिळत होतं. ते उतरवताना कॉम्प्युटरने धोक्याची सूचना दिली. साइटवर लिहिलं होतं की ती सूचना बंद करा. काकांनी बंद केली.

"एकतीस वर्षं धोक्याचे दिवे बघितलेला माणूस तुम्ही," मी म्हणाले. "कंपनीत लाल दिवा लागला तर बल्ब काढून ठेवला असता का?"

काका बिल्ल्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग मलाच वाईट वाटलं.

काका मूळचे उदगीरकडचे. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते, आता निवृत्त होऊन बायको मंजुळाकाकूंबरोबर थेरगावात दोन खोल्यांत राहतात. कंपनीत रोज सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून सुरक्षेच्या सूचना मोठ्याने वाचायचं काम त्यांच्याकडे असे. आवाज खणखणीत, शब्द सुटे. तोच आवाज त्यांनी गेली दोन वर्षं आम्रपालीच्या पुस्तकांना दिला होता. आम्रपाली रहाटणीला आईजवळ राहते, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवव्या वर्षी तिची दृष्टी गेली. काका पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत आणि ती ऐकून अभ्यास करी.

"भिमाजीची पोरगी ती," काका म्हणाले. आणि उजवा हात काउंटरवर पालथा ठेवला. "हा हात भिमाजीचा हाय."

ती गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. काका तेव्हा नवीन होते. कंपनीत नियम असा, की मशीनमध्ये हात घालण्याआधी तिच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं. काम संपलं की ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. किल्ली एकच, ती खिशात. एकदा घाईत काका कुलूप लावायचं विसरले आणि प्रेसमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसले. भिमाजीने पलीकडून रिकामा स्विच पाहिला. हाक मारली तर काका दचकून हात हलवतील, म्हणून तो गुपचूप येऊन स्विचसमोर पाठ करून उभा राहिला. पाऊण तास. मधे सुपरवायझर ओरडला, मशीन चालू कर म्हणाला. भिमाजी हलला नाही. त्याची हजेरी कापली गेली आणि काकांचा हात राहिला.

"दोन वर्षांखाली गेला बिचारा. म्या त्याच्यासाठी काय केलं? काय बी न्हाई. म्हणून पुस्तकं वाचतो."

आम्रपालीची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. बाकीचे विषय तिच्या फोनमध्ये पोचले होते. राज्यशास्त्राची अकरा प्रकरणं मात्र काकांनी अडवून ठेवली होती. हेडफोन लावून ऐकताना त्यांना त्यात पंख्याची घरघर, शेजारचं लेथ मशीन आणि मंजुळाकाकूंचा कुकर ऐकू आला आणि लाज वाटली. पोरगी परीक्षेला बसणार आणि तिच्या कानात शिट्ट्या. आधी आवाज स्वच्छ करू, मग देऊ. त्या स्वच्छतेपायी हे सगळं झालं.

मी म्हणाले, "कुलूप काढा आता, मला बघू द्या."

त्यांनी बनियनच्या आतून दोऱ्यातली किल्ली काढली आणि स्वतः कुलूप उघडलं. मला हात लावू दिला नाही.

कॉम्प्युटर चालू न करता मी त्यातली डिस्क बाहेर काढली आणि दुकानातल्या वेगळ्या मशीनला जोडून तपासली. फायलींच्या नावांना भलतीच शेपटं फुटली होती. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी होती. तुमच्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी तर या पत्त्यावर लिहा आणि सांगू ती रक्कम भरा. काकांनी ती चिठ्ठी माझ्या खांद्यावरून दोनदा वाचली.

"पण माझी दुसरी कॉपी हाय की," ते एकदम म्हणाले आणि पिशवीतून छोटी हार्ड डिस्क काढली. "कायम जोडूनच ठेवतो, हरवू नये म्हणून."

तीही गेली होती. कायम जोडलेली होती म्हणूनच गेली होती.

मी समजावणार एवढ्यात काका स्वतःच पुटपुटले, "म्हणजे स्टँडबाय मोटार त्याच लायनीवर. लाइन गेली की दोन्ही गेल्या. आन् ह्याला आपण स्टँडबाय म्हणायलो."

मी शिकले त्या कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये सहा महिन्यांत कुणी ही गोष्ट मला इतकी नीट सांगितली नव्हती.

काही जुन्या कुलपांच्या किल्ल्या जाणकारांनी शोधून फुकट देऊन ठेवलेल्या असतात. तिथे शोधलं. हे कुलूप नवं होतं, किल्ली नव्हती. सायबर पोलिसांच्या पोर्टलवर तक्रार करायला मी त्यांना बसवलं. पैसे भरायचे नाहीत आणि त्या पत्त्यावर काही लिहायचं नाही, हे दोनदा बजावलं. मग जे उरलं ते मोजलं. काकांनी मेन पाडल्यामुळे चोरांचं काम अर्धवट राहिलं होतं. अकरापैकी चार प्रकरणं शाबूत होती.

"चार," काका म्हणाले. "मेन पाडला ते बरं केलं म्हणायचं."

"फार बरं केलं. लोक पडद्याकडे बघत बसतात. तुम्ही मंजुळाकाकूंची चटणी घालवली आणि चार प्रकरणं वाचवली."

दुसऱ्या दिवशी डिस्क पुसून सगळं नव्याने घालायचं म्हणून मी फोन केला, तर काका म्हणाले, दोन दिवस थांब. तिसऱ्या दिवशी स्वतःच दुकानात आले आणि फोन माझ्यापुढे धरला. त्यांनी त्या चोरांना पत्र लिहिलं होतं.

‘आदरणीय साहेब, आपण लावलेले कुलूप चुकून आमच्या मशीनला लागले आहे. त्यात पैशाचे काही नाही. एका अंध विद्यार्थिनीचे पुस्तक आहे, तिची परीक्षा जवळ आली आहे. ज्याचे कुलूप त्यानेच काढावे असा नियम आहे. तरी आपण कृपया येऊन काढावे. आपला नम्र, अर्जुन बिरादार.’

खाली त्याचं इंग्रजी करून घेतलेलं होतं. उत्तरही आलं होतं. रक्कम आणि मुदत, बाकी काही नाही.

माझ्या तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. "काका, मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलंतंस." ते खाली बघत म्हणाले. "पण आमच्यात कुणी कुलूप इसरून घरी गेला, तर त्याला घरून बोलवायचे. एकदा ज्योतीराम राजगुरुनगरहून सायकलवर परत आलता. कुलूप काढलं, माफी मागितली, गेला. कुलूप लावणारा माणूस असा असतो, हे डोक्यात बसलंय."

"हे परत येत नाहीत, काका. यांची शिफ्ट वेगळी असते."

"व्हय. कळलं आता."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एकतीस वर्षं माणसांनी आपापली कुलपं काढली, असंच त्यांनी पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी स्क्रू शोधायच्या निमित्ताने खाली वाकून पुसलं.

त्याच दुपारी आम्रपालीला काकांकडे बोलावून सांगायचं ठरलं. काकांना एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मीही त्यांच्या घरी गेले. आम्रपाली पांढरी काठी दाराशी उभी करून आत आली. मंजुळाकाकूंनी तिला चहा दिला आणि काकांकडे असं पाहिलं, की सांगा आता. काकांनी सांगितलं. शिट्ट्या, घरघर, फुकटचं सॉफ्टवेअर, सात प्रकरणं.

आम्रपाली ऐकत राहिली. मग म्हणाली, "काका, तुम्ही शिट्ट्या काढून टाकणार होता?"

"तुला तरास होतो म्हणून."

"अहो, मी त्यावरूनच शोधते. इतिहासाच्या चौथ्या प्रकरणात तिसरी शिट्टी झाली की तह सुरू होतो. सहाव्यात काकू ‘गॅस बारीक करा’ म्हणतात, त्याच्या पुढे सनावळ्या. फोनमध्ये पुढे-मागे करताना मला दुसरं काय कळणार? ते काढून टाकलं असतं तर मी हरवले असते."

मंजुळाकाकूंनी पदर तोंडाला लावला, हसू की रडू ते मला दिसलं नाही.

"मग ह्यांनी उगीच मिक्सर बंद केला म्हणायचा," त्या म्हणाल्या. "आता उठा. सात प्रकरणं हायत. बसून काय हुतंय?"

चार शाबूत आणि सात कुलूपबंद प्रकरणं बाजूला काढून मी डिस्क पुसली आणि सगळं नवं घातलं. धोक्याच्या सूचना परत चालू केल्या. रोजच्या वापराला असं खातं करून दिलं, की ज्यातून नवं काही बसवायचं तर वेगळा पासवर्ड लागेल. तो पासवर्ड मंजुळाकाकूंकडे ठेवला. फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्या नवऱ्याला त्यांच्यापेक्षा कडक पहारा मिळणार नव्हता.

काकांनी वाचायला घेतलं. सकाळ-संध्याकाळ, रोज. प्रकरण पुरं झालं की त्याच दिवशी आम्रपालीच्या फोनवर. पाचव्या प्रकरणानंतर घसा बसला, सहाव्यात आवाज पार गेला. शेवटचं प्रकरण मंजुळाकाकूंनी वाचलं. सातवी शिकलेल्या बाईने ‘संघराज्यव्यवस्था’ हा शब्द चार वेळा अडखळत, पाचव्या वेळी रागाने म्हटला. काका शेजारी बसून बोटाने ओळ दाखवत होते. त्या दिवशी कुकरकडे बघायला कुणी नव्हतं. भात करपला.

परीक्षा झाली. पेपर चांगला गेला, असं आम्रपालीने फोन करून कळवलं. संघराज्यावर प्रश्न होता, आणि उत्तर सांगताना तिला काकूंचा राग आठवून हसू येत होतं. लेखनिक मुलगी म्हणे गोंधळून गेली.

पुढच्या रविवारी काकांनी आम्हा दोघींना बोलावलं. मी नवी हार्ड डिस्क नेली. आम्रपालीच्या फोनमधली सगळी पुस्तकं तिच्यावर उतरवली, आणि कुलूपबंद झालेली ती सात प्रकरणंही, शेपटांसकट. कधी ना कधी कुणीतरी त्या कुलपाची किल्ली शोधेल, तोवर असू देत. मग मी केबल काढली.

"दर रविवारी जोडायची, उतरवायचं, काढायची," मी म्हणाले.

"वेगळ्या लायनीवर," काका म्हणाले.

त्यांनी डिस्क एका पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि पेटीला ते लाल कुलूप लावलं. बिल्ला नीट सरळ केला. मग खिशातून कागदाची पुडी काढून आम्रपालीच्या हातात दिली. तिने उघडून बोटांनी चाचपलं.

"किल्ली?"

"दुसरी. चौकात करून घेतली." काका म्हणाले. "कंपनीत एका कुलपाला दुसरी किल्ली करणाऱ्याला घरी बसवायचे. एकतीस वर्षात म्या केली न्हाई. पण म्या असंन, नसंन. तुज्या मागून येणाऱ्या पोरींना पुस्तकं लागतील. ती पेटी कुणी तरी उघडायला पायजे."

तिने पेटी शोधली, बिल्ला शोधला. नावाची अक्षरं लहानपणी शिकली होती, ती पत्र्यावर बोटाखाली एकेक ओळखत गेली. मग घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ती नवी किल्ली अडकवली. जुडग्याला भिमाजीचा कंपनीतला हजेरी-नंबराचा पितळी बिल्ला होता. दोन्ही एकमेकांना लागून वाजले.

"पुढच्या सत्राचं पुस्तक आणलंय," ती म्हणाली.

काकांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. "लक्ष द्या. प्रकरण पहिलं."

दुसऱ्या पानावर आत कुकरची शिट्टी झाली. सवयीने त्यांचा उजवा हात थांबवायच्या बटणाकडे गेला. तो तिथेच थोडा वेळ राहिला, मग त्यांनी तो परत पुस्तकावर ठेवला आणि पुढे वाचू लागले.